इयत्तेच्या मापाचा स्वेटर

चिमूरचे नाव निघाले की वाचकाच्या मनात दोनच गोष्टी उभ्या राहतात: १६ ऑगस्ट १९४२ ची, ‘चले जाव’ चळवळीतील उठावाची ती नागपंचमी, जिने तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील एका लहानशा गावाला देशाच्या इतिहासात नेऊन बसविले; आणि अलीकडची, कोलारा प्रवेशद्वारातून ताडोबाच्या अरण्यात शिरणाऱ्या उघड्या जिप्सींची रांग. या गावाचा लोकरीशी काही ऋणानुबंध असेल असे बाहेरच्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि वैशाखात, शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर गेल्याची वार्ता वृत्तपत्रांतून झळकत असते तेव्हा, ते खुद्द चिमूरकरांच्याही ध्यानात राहत नाही. परंतु ज्या भूमीचा उन्हाळा उग्र असतो तिची थंडीही समुद्रकाठच्या थंडीसारखी सौम्य नसते. उत्तरेकडील कोरडे वारे मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरले की रात्री आकाश निरभ्र राहते, दिवसभराची ऊब जमिनीतून निघून जाते, आणि मग २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात नोंदले गेले तसे साडेतीन अंशांचे तपमानही या प्रदेशाच्या वाट्यास येते. उमा नदीच्या काठी, अथवा खडसंगी, नेरी, जांभुळघाट, शंकरपूर या बाजूच्या रानालगतच्या गावांत पौषातील सकाळी शाळेच्या प्रांगणात प्रार्थनेसाठी उभ्या राहिलेल्या मुलांकडे ज्याने पाहिले आहे, त्याला स्वेटर ही वस्तू या तालुक्यात चैनीची गणावी असे वाटणार नाही.

या मुलांना स्वेटर मिळतो की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. पण तो अनेकांनी विचारून झालेला आहे आणि त्याचे उत्तर हळूहळू का होईना सुधारत आहे. मला विचारावयाचे आहे ते निराळेच. मिळालेला स्वेटर ज्याला मिळाला त्याच्या अंगाचा असतो काय? प्रांगणात जरा निरखून पाहिले तर कोणाच्या बाह्या मनगटाच्या वर चार बोटे थांबलेल्या, कोणाच्या बोटांच्याही पुढे लोंबणाऱ्या, कोणाचे खांदे दंडावर उतरलेले, तर कोणाची छाती अशी आवळलेली की हात वर केल्यास पोट उघडे पडावे, असा एकंदर देखावा असतो. आपण त्याकडे कौतुकमिश्रित अनुकंपेने पाहतो आणि पुढे जातो. तसे जाऊ नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

ऊब लोकरीत नसते. ती लोकरीने अडवून धरलेल्या हवेत असते. अंगाच्या उष्णतेने तापलेली हवा धाग्यांच्या बारीक पोकळ्यांत निश्चल राहिली तर शरीर उबदार राहते, आणि ती निश्चल राहावी यासाठीच स्वेटराच्या कमरेला, मनगटाला आणि गळ्याला एक सुलट एक उलट अशा विणीची पट्टी घातलेली असते, जी अंगाशी धरून बसते आणि आतली हवा आतच ठेवते. स्वेटर फार ढगळ असला तर ही पट्टी लोंबते आणि वारा खालून सरळ छातीपर्यंत पोहोचतो. फार तंग असला तर वीण ताणली जाऊन पोकळ्यांची भोके होतात, आणि जाड लोकरसुद्धा जाळीसारखी निरुपयोगी ठरते. म्हणून ‘वाढत्या अंगाचा’ कपडा घेण्याची आपली जी पिढीजात काटकसर आहे, ती सदऱ्याच्या बाबतीत शहाणपणाची असली तरी स्वेटराच्या बाबतीत बरीचशी फसवी आहे. दोन वर्षे चालावा म्हणून घेतलेला स्वेटर पहिल्या वर्षी मोठा असल्यामुळे ऊब देत नाही आणि दुसऱ्या वर्षी, धुऊन धुऊन आखडल्यामुळे अथवा लोळून लोळून लोंबल्यामुळे, देत नाही. मापाचा विचार येथे शोभेसाठी नाही. कुडकुडणे आणि न कुडकुडणे यांतील तो भेद आहे.

आपल्या जुन्या लोकरी वस्त्रापुढे हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडील कुरमार मेंढ्या पाळीत आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी विणीत. त्या घोंगडीला ना मुंढा, ना गळा, ना बाही. ती बापाने पांघरावी, मुलाने पांघरावी, पावसात डोक्यावर खोळ करून घ्यावी आणि रात्री खाली अंथरावी. वस्त्र एकच आणि माणसे कितीही, अशी तिची उदार व्यवस्था होती. दोन सुयांवर विणलेले, अंगाच्या आकाराचे लोकरी वस्त्र आपल्याकडे आले ते इंग्रजी अमदानीत, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि छावण्यांच्या बंगल्यांतून. आणि त्याच्या पाठोपाठ कानपूरची लाल इमली, पंजाबातील धारीवाल आणि पुढे लुधियानाचे कारखाने लोकर पुरवू लागले. गंमत अशी की ज्या पोशाखांची नावे आज आपल्या बाजारातील पाट्यांवर दिसतात त्यांपैकी कित्येक १८५३ ते १८५६ च्या क्रिमियाच्या एकाच युद्धातून निघाले आहेत: पुढून उघडणारा कार्डिगन हा तेथील एका सेनानीच्या नावाचा, रॅग्लन बाही ही दुसऱ्याच्या, आणि आपल्या आजोबांची कानटोपी ज्या टोपीची वंशज ती बालाक्लाव्हा या तिथल्या रणक्षेत्राच्या नावाची. त्यांतील लॉर्ड रॅग्लन यांचा उजवा हात १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. खांद्यावर शिवण न येता गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी उतरणारी ती बाही त्यांच्यासाठी योजली गेली असे सांगतात. ते कसेही असो, ज्याच्या खांद्याचे माप खात्रीने ठाऊक नाही त्याच्यासाठी विणावयाचे असेल तर आजही त्या बाहीसारखी क्षमाशील बाही दुसरी नाही, हे मात्र विणणाऱ्या कोणत्याही स्त्रीकडून ऐकून घ्यावे.

छापील नमुन्याचा खरा स्वभाव येथून कळू लागतो. पुस्तकात अथवा लोकरीच्या लडीबरोबर येणाऱ्या कागदावर लिहिलेले असते की अमुक नंबरच्या सुयांवर इतके टाके घालावे, इतक्या ओळी विणाव्या, मग मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंचे इतके टाके बंद करावे. वाचणाऱ्याला वाटते की हा आकडा म्हणजे आज्ञाच. वस्तुतः तो आकडा एका विशिष्ट हाताचा, एका विशिष्ट लोकरीचा आणि एका विशिष्ट देहाचा हिशेब असतो. यांपैकी एक जरी बदलले तरी तो हिशेब नव्याने मांडावा लागतो. समजा, नमुन्यात दहा सेंटीमीटरांत बावीस टाके बसतात असे गृहीत धरून मुलाच्या स्वेटराच्या एकूण घेरासाठी १५४ टाके सांगितले आहेत. म्हणजे स्वेटराचा घेर सत्तर सेंटीमीटर होणार, आणि साठ सेंटीमीटर छातीच्या मुलाला आतला सदरा धरून तो बरोबर बसणार. आता विणणारीचा हात सैल असेल आणि तिच्या दहा सेंटीमीटरांत वीसच टाके बसत असतील, तर तेच १५४ टाके सत्त्याहत्तर सेंटीमीटरांचा स्वेटर तयार करतील. हात घट्ट असून चोवीस टाके बसत असतील तर स्वेटर चौसष्ट सेंटीमीटरांवर आटोपेल. आज्ञा तीच आणि तिचे पालनही अक्षरशः केलेले. परंतु एक स्वेटर दुसऱ्याहून तेरा सेंटीमीटरांनी मोठा. म्हणून जाणती स्त्री मूळ कामाला हात घालण्यापूर्वी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, विताएवढा चौकोनी तुकडा विणते, तो धुऊन वाळविते, फूटपट्टी ठेवून टाके मोजते, आणि मग त्रैराशिक मांडते. जुन्या मराठी शाळांत ज्या त्रैराशिकाने मुलांना रडविले, ते या चौकोनी तुकड्यावर किती निर्मळपणे समजते हे पाहून, १९३७ च्या वर्धा परिषदेत मूलोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची जी कल्पना मांडली गेली ती आपण इतक्या लवकर बासनात का बांधली, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. वर्धा काही येथून दूर नाही.

सुयांच्या क्रमांकांचीही एक मौज आहे. आपल्याकडे रूढ झालेल्या जुन्या इंग्रजी पद्धतीत क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होत जाते. आठ नंबरची सुई चार मिलिमीटरांची, तर बारा नंबरची पावणेतीन मिलिमीटरांची. अमेरिकन पद्धतीत याच्या नेमके उलटे, आणि तेथील आठ नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. परदेशातील सुनेने पाठविलेला नमुना घेऊन घरच्या आठ नंबरच्या सुयांवर विणावयास बसलेल्या सासूबाईंना स्वेटर लहान का झाला याचा उलगडा होत नाही, आणि मग दोष लोकरीवर, नातवाच्या वाढीवर, क्वचित सुनेवरही जातो.

माझ्या परिचयाच्या एक वयोवृद्ध शिक्षिका आहेत, चिमूर तालुक्यात त्यांची सारी नोकरी झाली. त्यांना आसपासची सगळी मंडळी नुसते ‘बाई’ म्हणतात. त्यांच्याकडे छापील नमुने पुष्कळ आहेत, आणि त्यांतील एकही त्यांनी जसाच्या तसा विणलेला नाही. मुलाचे माप घेताना त्या प्रथम त्याचा जुना, त्याला बरा बसणारा एखादा सदरा किंवा स्वेटर मागवितात. तो सपाट पसरून मोजतात. आणि मगच टेप मुलाच्या अंगाला लावतात, कारण अंगावर टेप लागली की मूल श्वास कोंडून छाती फुगविते, असे त्यांचे निरीक्षण. पाठ आणि पुढची बाजू यांची लांबी त्या ओळींच्या संख्येने ठरवीत नाहीत, इंचांनी ठरवितात. नमुना काहीही म्हणो, काखेपर्यंतचे इंच भरले की टाके मुंढ्याकडे वळतात. सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलाची पाठीची बाजू पुढच्यापेक्षा थोडी लांब, कारण वाकल्यावर कंबर उघडी पडते. डोक्याच्या मानाने गळा अंमळ मोठा, नाही तर मूल स्वेटर घालण्याचाच कंटाळा करते. पाणी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या मुलींच्या बाह्यांच्या पट्ट्या अधिक लांब आणि बारीक सुयांवर, म्हणजे कोपरापर्यंत वर सारल्या तरी तिथे थांबाव्या. यांतील कोणतीही गोष्ट कोणत्याही नमुन्यात लिहिलेली नाही, कारण नमुना लिहिणाऱ्याने ती मुले पाहिलेली नाहीत.

परंतु बाईंची खरी युक्ती बाह्यांत आहे. आपल्याकडे बाही सर्वसाधारणपणे मनगटापासून सुरू करून टाके वाढवीत खांद्यापर्यंत नेतात आणि तेथे मुंढ्याला शिवतात. विणकामाचा धागा सरळ उसवतो तो जेथे टाके बंद केले त्या शेवटच्या टोकाकडून. आरंभाच्या टोकाकडून उसवू गेल्यास गुंतवळ होते. म्हणजे प्रचलित पद्धतीने विणलेल्या बाहीचे शेवटचे टोक खांद्याच्या शिवणीत गाडले जाते, आणि मुलाचा हात जिकडे वाढतो त्या मनगटाकडे मात्र आरंभाचे, न उसवणारे टोक राहते. बाई याच्या उलट करतात: अंग शिवून झाल्यावर मुंढ्याच्या कडेचे टाके उचलतात आणि बाही खांद्याकडून मनगटाकडे, टाके कमी करीत, उतरवितात. पुढच्या मार्गशीर्षात बाही आखूड झाली की मनगटाची पट्टी तेवढी उसवावयाची, टाके सुईवर घ्यावयाचे, दोन इंच नवे विणावयाचे आणि पट्टी पुन्हा घालावयाची. सहा ते दहा वर्षांच्या वयात मूल छातीने थोडे आणि लांबीने पुष्कळ वाढते. तेव्हा छातीला थोडा सैलपणा आणि बाहीला वाढीची वाट, एवढी तजवीज केली की एक स्वेटर तीन हिवाळे सहज पाहतो. ‘वाढत्या अंगाचा’ स्वेटर म्हणावयाचा असेल तर तो यालाच म्हटले पाहिजे.

हे शास्त्र पुस्तकात उतरविणे अशक्य आहे असे नाही. मूळच्या इंग्रज आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या विदुषीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अक्षरशः हजारो घरांतून हाच विचार रुजविला. त्यांची पद्धत अशी की छातीच्या घेराचे टाके एकदा आपल्या हाताच्या मापाने काढले म्हणजे ते शंभर मानावे, आणि बाकी सर्व त्यांच्या शेकड्याने ठरवावे: मनगटाला सुमारे वीस टक्के, दंडाला तेहतीस ते पस्तीस, गळ्याला चाळीस. वर घेतलेल्या १५४ टाक्यांच्या उदाहरणात मनगटाला एकतीस, दंडाला एकावन्न ते चोपन्न आणि गळ्याला बासष्ट टाके येतील. नमुन्याच्या कागदाची गरजच उरत नाही. मराठीत याच धर्तीचे कार्य स्वयंपाकाच्या प्रांतात कमलाबाई ओगले यांनी केले. १९७० साली निघालेल्या ‘रुचिरा’त त्यांनी तोळे-मासे आणि शेर बाजूला सारून वाटी आणि चमचा ही घरातली मापे घेतली, आणि त्यामुळे नवख्या मुलीलाही पदार्थ साधू लागला. विणकामाला अशी लेखिका मराठीत मिळाली असती तर बरे झाले असते. आपल्याकडील विणकामाची पुस्तके बहुतेक विणींची आहेत, मापाची नाहीत. पाने, वेण्या, माशाचे खवले, सगळे त्यांत सापडते, परंतु बारीक चणीच्या मुलाला नमुना कसा उतरवावा हे शोधूनही सापडत नाही. ही उणीव मला केवळ हस्तकलेतील वाटत नाही.

कारण नमुन्याच्या आकड्याला आज्ञा समजण्याची ही खोड स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत जेवढी आहे त्याहून कितीतरी अधिक कचेरीत आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ या नावाने सर्व शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांचे गणवेश वरून पुरविण्याचा उपक्रम केला. कापड एका ठिकाणाहून कापून यावे आणि शिलाई महिला बचत गटांनी करावी अशी योजना होती. हेतू वाईट नव्हता. बचत गटांना काम मिळावे हा तर स्तुत्यच म्हटला पाहिजे. परंतु कापड कापणाऱ्याने मूल पाहिले नव्हते आणि शिवणाऱ्या स्त्रीला कापलेले कापड बदलण्याची मुभा नव्हती. परिणाम असा झाला की गणवेश उशिरा आले, आणि आले ते कोणाला आखूड, कोणाला ढगळ. गावोगावच्या शाळांतून तक्रारी उठल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने आपला हुकूम फिरवून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सुपूर्द केला. झालेली चूक एका वर्षात दुरुस्त केली याबद्दल शासनाला श्रेय द्यावेच लागेल. तसे नेहमी घडत नाही. आदिवासी विकास विभागाने तर २०१७ सालीच आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना अनेक वस्तूंऐवजी त्यांची रक्कम बँकेच्या खात्यात जमा करण्याचे धोरण स्वीकारले होते, आणि चिमूर येथे त्या विभागाचे प्रकल्प कार्यालय असल्यामुळे या तालुक्यातील पालकांना तो व्यवहार अपरिचित नाही.

पण रक्कम हाती आली म्हणजे माप मिळाले असे होत नाही. पालक बाजारात जातो. बाजार मोठा असला तर नागपूरचा, जेथे हिवाळ्यात तिबेटी कुटुंबे स्वेटरांची दुकाने मांडतात. त्यांतील काही तर आपल्याच विदर्भातील रहिवासी आहेत, कारण आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडजवळ, १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. हे लोक गोड बोलतात, भाव रास्त लावतात, आणि अंगाला लावून पाहू देतात. परंतु त्यांचा बहुतेक माल येतो लुधियानाहून, आणि त्याच्या गळ्यामागच्या चिठ्ठीवर वय लिहिलेले असते. आठ वर्षे म्हणजे किती इंच, हे ठरविले कोणी? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे १ लाख ४७ हजार मुलांची मापे घेतली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की कपड्यांसाठी वय हा भरवशाचा निकष नाही. त्यापेक्षा उंची आणि घेर यांची जोडी कितीतरी बरी. युरोपात आज मुलांचे कपडे ११०, ११६, १२२ असे उंचीच्या सेंटीमीटरांवरच मिळतात. ज्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील सुमारे पस्तीस टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, तेथे तर वयाचा आकडा मुलाच्या अंगाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. आणि आपली सरकारी मागणीपत्रके वयाचीही पायरी चढत नाहीत. ती इयत्तेवरच थांबतात. चौथीत शिकणे हे शरीराचे माप कसे होऊ शकते, हे कोणा अधिकाऱ्याने समजावून दिल्यास मी ऋणी राहीन.

भारतीय देहांची मापे नव्याने घेण्याचा उद्योग अलीकडे झाला आहे, हे येथे नोंदले पाहिजे. वस्त्र मंत्रालयाच्या साहाय्याने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतून पंचवीस हजार माणसे यंत्राने मोजण्याचे काम हाती घेतले. त्यात मुंबई आहे, शिलाँगही आहे. पण वयोमर्यादा पंधरा ते पासष्टची आहे, म्हणजे शाळकरी मूल त्यात नाहीच, आणि रानातले मूल तर शहरांच्या यादीत यावयाचे कारणच नव्हते.

यावर एक आक्षेप उघड आहे आणि तो खरा आहे. हाताने विणलेला स्वेटर स्वस्त नसतो. लोकरीचे पैसे, आणि त्याहून मोलाचा म्हणजे वेळ. एका मुलाच्या स्वेटरात वीस-पंचवीस हजार टाके सहज पडतात, आणि धान कापून, मळणी आटोपून, चूल सांभाळून उरलेल्या वेळात बायांनी ते फुकट घालावे, अशी अपेक्षा कोणी करील तर ती मला मान्य नाही. विणकामाभोवती मायेचे जे वलय आपण उभे केले आहे, त्याआड पुष्कळशी बिनमजुरीची मजुरी दडलेली आहे. तालुक्यातील सगळ्या मुलांना हातविणीचे स्वेटर मिळावेत असे स्वप्न मी पाहत नाही. परंतु सुया आणि कारखाना यांच्या मध्ये एक वस्तू आहे, तिचा विचार आपण करीत नाही: हाताने चालविण्याचे सपाट विणकाम यंत्र. त्यावर टाक्यांची संख्या विणणारीच्या हुकमतीत असते. साठ छातीचा एक आणि त्रेसष्टचा दुसरा, असे पाठोपाठ विणावयास कारखान्याप्रमाणे नवी मांडणी करावी लागत नाही. शिलाई यंत्रे वाटण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. भिसीच्या किंवा नेरीच्या एखाद्या बचत गटाला अशी दोन यंत्रे आणि रोखीने ठरलेली मजुरी मिळाली, तर तेथला गट हे काम करू शकणार नाही असे मानावयास मला आधार दिसत नाही. दुसरा आक्षेप असा येईल की इतकी मापे घेणार कोण. तर त्यांतील काही घेतलेलीच आहेत. शाळेच्या दप्तरात प्रत्येक मुलाची उंची आणि वजन नोंदलेले असते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येऊन मुलांना तपासून जातात. हे आकडे आरोग्याच्या खात्यात बसून राहतात आणि कपड्याच्या खात्याला त्यांचा पत्ता नसतो. दोन खात्यांच्या नोंदींची रुजुवात घालणे याला फार तर एक कारकून आणि एक आठवडा लागावा.

तेव्हा माझी सूचना फार मोठी नाही. स्वेटर सरकार पुरवो, समिती विकत घेवो की बचत गट विणो, मागणीपत्रकात नाव आणि इयत्ता यांच्या पुढे उंची, छाती आणि खांद्यापासून मनगटापर्यंतची बाही असे तीन रकाने असावेत. ते शाळेतच, पोळ्यापूर्वी, एखाद्या विणणाऱ्या बाईंनी टेप घेऊन भरावेत, आणि त्या कामाचे त्यांना मानधन मिळावे. पोळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत मूल थोडे वाढणार, त्याचा अंदाज त्यांनीच धरावा. तो कचेरीतून ठरवून येऊ नये. माल दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेत पोहोचावा, माघातील चिमूरच्या बालाजीच्या घोडायात्रेच्या वेळी नव्हे. आणि बाह्या खांद्याकडून खाली विणलेल्या असाव्यात, व प्रत्येक स्वेटराबरोबर त्याच लॉटची पंचवीस ग्रॅम लोकर, गुंडा करून, मुलाच्या घरी द्यावी; दुसऱ्या हिवाळ्यात दोन्ही बाह्या दोन-दोन इंच वाढवावयास तेवढी पुरते.